बाराची नावं

मॅरोज फेरी ह्या गावात कुणी मेलं, तर नुसतं डॉक्टरनं सांगून भागत नसे. दुपारी बाराला ओझेला टब्सनं रेडिओवर नाव घेतलं, म्हणजे तो गेला. तोवर शेजारणी मयताच्या घरी न्यायच्या केकचं पीठ भिजवायच्या नाहीत, कापसाच्या गोदामातला गडी सुट्टी मागायचा नाही, आणि ज्यांचं मेलेल्याशी भांडण असेल ते आपलं भांडणसुद्धा राखून ठेवायचे. "बाराची नावं होऊ द्या, मग बघू," असं सगळं गाव म्हणायचं.

रेडिओ म्हणजे चौदा-दहा. सरकारदरबारी त्याला चार अक्षरांचं नाव होतं, पण ते कुणाच्या तोंडात बसलं नाही. काटा चौदाशे दहावर आणला की लागायचा, म्हणून चौदा-दहा. अलाबामातल्या त्या काळ्या मातीच्या पट्ट्यात काळ्या माणसाच्या मालकीचं तेवढं एकच स्टेशन. दिवसभर सोल, म्हणजे काळ्यांचं नाचरं गाणं, वाजायचं, आणि दिवस मावळला की बंद. परवानाच उजेडापुरता होता. अंधार पडला की आभाळ लांबच्या बड्या स्टेशनांचं. हिवाळ्यात तर एखादी बाई गाण्यात नवऱ्याला नुकती कुठं घराबाहेर काढत असायची, तेवढ्यात सूर्य बुडायचा आणि नवरा उंबऱ्यातच राहायचा.

मालक कॉर्निलियस गॅडिस. धंदा मयतांचा. माणूस गेला की त्याला आणायचं, धुवायचं, चांगले कपडे घालायचे, पेटीत निजवायचं आणि लांब काळ्या गाडीतून मातीपर्यंत पोचवायचं. खाली मयतघर आणि वर माडीवर रेडिओ. मागच्या रानात लोखंडी मनोरा. गॅडिस माडीवर कुणाला गप्प बसू द्यायचा नाही. एक गाणं संपून दुसरं लागायला जरा उशीर झाला, की जिन्याखालून ओरडायचा, "गप बसायचं असंल तर खाली जागा हाय."

त्यानं रेडिओ काढला तो गाण्यांच्या हौसेनं नव्हे. त्या भागातलं जुनं स्टेशन गोऱ्यांचं. तिथं गोरं माणूस गेलं की 'मिस्टर अमुक, मिसेस तमुक' असं मानानं वाचायचे. काळं माणूस गेलं तर वाचायचेच नाहीत, आणि कधी वाचलंच तर 'जोसी, धुणंवाली', एवढंच. त्या जोसीला गॅडिसनं स्वतः पेटीत निजवलेलं होतं. घरी येऊन बायकोला म्हणाला, "जित्तेपणी कुणी मिसेस म्हटलं न्हाई तिला. मेल्यावर तरी म्हणतील? मग आपुनच म्हणू." दोन नावांच्या मधे काहीतरी वाजवायला लागतं, म्हणून मेंफिसहून गाडीभर रेकॉर्डी आणल्या. असं ते सुरू झालं.

ओझेला नदीपल्याडची. बाप दुसऱ्याच्या रानात वाट्यानं कापूस करायचा. वेचणीच्या दिवसांत तिचं काम हाळी द्यायचं. ओळीच्या ह्या टोकाला उभं राहून त्या टोकाच्या माणसांना एकेकाचं नाव घेऊन जेवायला बोलवायचं. त्यात तिचा गळा तयार झाला. नाव पार बांधापर्यंत पोचायचं, पण ओरडल्यासारखं वाटायचं नाही. मोठेपणी ती चर्चमध्ये आजाऱ्यांची नावं वाचायची. गॅडिसनं ते ऐकलं आणि दारातच गाठलं.

"वाचताना तू रडत न्हाईस," तो म्हणाला.

"माझी कोण हायत ती, रडायला?"

"तेच म्हंतोय. वाचणारी रडली की नाव बुडतं. उद्यापास्नं ये."

पहिल्या दिवशी तिला त्यानं एवढंच शिकवलं, की नाव घेताना घाई करायची नाही, त्या माणसानं जन्मभर घाईच केलेली असते. मग पद्धत बसत गेली. आधी मिस्टर किंवा मिसेस लावून पूर्ण नाव. मग राहायचं कुठं, काम काय करायचे. मग मागे राहिलेले. मग चर्च आणि वेळ. आणि सगळ्यात शेवटी गाणं.

हे गाणं देण्याची चाल फक्त चौदा-दहाची. मेलेला माणूस जित्तेपणी ज्या गाण्यावर नाचायचा, ते गाणं नावानंतर वाजायचं. भजन नाही, नाचायचंच. रेव्हरंड स्टॉलवर्थ सुरुवातीला फार तापले. गॅडिस त्यांना म्हणाला, "रेव्हरंड, त्याच्या आत्म्याचं तुम्ही बघताय. त्याच्या पायांचं कुणी बघायचं?" पुढं खुद्द रेव्हरंडची आई वारली, तेव्हा ते मान खाली घालून माडी चढले आणि ओझेलाच्या कानात एका गाण्याचं नाव सांगून गेले. असलं गाणं, की ओझेलाला हसू दाबायला खोकावं लागलं.

गाणं द्यायचा मान पोटच्यांचा. 'गाणं दिलंय थोरल्या लेकानं', 'गाणं दिलंय लेकींनी मिळून', असं वाचायचं. मूलबाळ नसलं तर नवऱ्यानं नाहीतर बायकोनं. मित्र, पुतणे, चर्चची मंडळी, कुणाला ते मिळायचं नाही. एकदा एका पुतण्यानं फार हट्ट केला, तर ओझेला म्हणाली, "चुलत्याच्या मांडीवर बसून नाचायला शिकलास का? न्हाई ना? मग फुलं दे."

पुढं काळ्यांच्या मतदानाच्या हक्काचे मोर्चे निघाले. चौदा-दहावरून कुठं जमायचं ते सांगितलं जातंय असा बोभाटा झाला, आणि तो खोटा नव्हता. बाजारपेठेतल्या गोऱ्या दुकानदारांनी एका आठवड्यात जाहिराती काढून घेतल्या. त्यांना वाटलं, आता बंद पडतंय. पण गॅडिसचं पोट त्यांच्या हातात नव्हतं. तो म्हणायचा, "माझी गिऱ्हाइकं रुसत न्हाईत."

मग कुणीतरी मनोऱ्याला ताणून धरणाऱ्या तारा कापल्या. मनोरा कापसात आडवा झाला. दुसऱ्या दिवशी बाराला गावानं काटा लावला तर नुसती खरखर. त्या दिवशी तीन नावं होती. ओझेलानं कर्णा मागवला, काळ्या गाडीत पुढं बसली, आणि गाडी माणसाच्या चालीनं गल्लीगल्लीतून निघाली. चौकात थांबायचं, नाव वाचायचं, पुढं. गाणी वाजवायला सोय नव्हती, म्हणून पडव्यांतल्या लोकांनी ती तोंडानं म्हटली. मनोरा पुन्हा उभा राहीपर्यंत हे रोज चाललं. उभा करायला आजूबाजूच्या रानांतले ट्रॅक्टर आले, आणि त्यात दोन ट्रॅक्टर गोऱ्या मालकांचे होते. मालकांना पत्ता नव्हता, ती गोष्ट वेगळी.

ओझेलाची चूक झाली ती ह्यानंतर काही वर्षांनी. एझ्रा प्रुइट नावाचा सुतार वारला. त्याची म्हातारी आई काठी टेकत माडीवर आली आणि म्हणाली, "त्याचा एक पोरगा बाहेरचा हाय, ओझेला. रक्त आमचंच. त्याचंबी नाव घे." घरच्यांच्या कागदावर ते नव्हतं. पण म्हातारी काठीवर टेकून तिथंच उभी राहिली, आणि ओझेलानं ते घेतलं. एझ्राची बायको त्या वेळी माणसांनी भरलेल्या स्वयंपाकघरात रेडिओसमोर बसलेली. तिनं अंगावरचे काळे कपडे काढून ठेवले आणि मातीला गेलीच नाही. आणि तो पोरगा, नाव आलं म्हणून बिचारा नवी टोपी घालून कबरीपाशी आला. सावत्र भावांनी त्याला फुलांच्या ढिगात लोळवून बडवलं. तो त्याच आठवड्यात गाव सोडून गेला, तो कुणाला दिसला नाही.

गॅडिस ओझेलाला रागावला नाही. एवढंच म्हणाला, "हितनं पुढं घरचे देतील तेवढंच. एक नाव कमी न्हाई, एक नाव जास्त न्हाई. कुणाच्या घरात कोण, हे आपुन ठरवायचं न्हाई."

"बरं," ओझेला म्हणाली. आणि हे सांगताना त्यानं तिच्याकडं न बघता खिडकीबाहेर बघितलं, हेही तिच्या ध्यानात राहिलं.

कारण तेव्हा व्हर्लीन पलीकडच्या खोलीत रेकॉर्डी लावत होती.

व्हर्लीन मेब्री ही डेसी मेब्रीची पोरगी. डेसी मयतघरात मेलेल्यांचे कपडे शिवायची. लग्न नाही, नवरा नाही, आणि एक लेक. लेकीच्या पुढच्या दोन दातांत फट, आणि गॅडिसच्याही पुढच्या दोन दातांत फट. ती हसली की गाव दुसरीकडं बघायचं. शाळा संपल्यावर गॅडिसनं तिला माडीवर कामाला घेतलं, आणि ती त्याला मिस्टर गॅडिस म्हणत राहिली. तो तिला 'मिस मेब्री' म्हणायचा. जिन्यात समोरासमोर आले तर दोघंही भिंतीला सरकायचे.

पण पोरीचा कान देवानं दिलेला. एक ते दिवस मावळेपर्यंतची दुपार तिची. कुठल्या गाण्यामागं कुठलं लावायचं, हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. ती बोलायची कमी, आणि बोलली की भांडी घासणाऱ्या बायकांना वाटायचं, ही आपल्याच चुलीपाशी उभी राहून बोलतेय. शेवटी म्हणायची, "सूर्य गेला. मीबी जाते." आणि गावातल्या पडव्यांवर एकदम संध्याकाळ व्हायची. बाराच्या नावांना रेकॉर्ड लावायला दोन खोल्यांमधल्या काचेपलीकडं तीच बसायची. ओझेलानं तिला रागावूनच वाढवली. दोघींचा डबा एक होता.

ओझेलाचा नवरा वेंडेल गेला, तेव्हा लोकांना वाटलं आज दुसरं कुणीतरी वाचील. ओझेला वेळेवर आली आणि वाचलं, इतरांचं वाचते तसंच. 'मागे राहिलेली: पत्नी.' मूल नव्हतं. 'गाणं दिलंय पत्नीनं.' काहींनी नावं ठेवली, बाईला काळीज आहे का म्हणून. व्हर्लीन गाणं संपल्यावर तिच्यासोबत घरी गेली, तर ओझेला बिडाचा तवा घासायला बसली. तो आधीच स्वच्छ होता. व्हर्लीनही शेजारी बसली आणि दुसरा तवा घेतला.

मग एका मार्चमध्ये गॅडिस गेला. वय झालेलं, झोपेतच. थोरला हार्मन आता मयतघर बघायचा. त्यानं बापाला स्वतः आणलं. घरच्यांचा कागद बाराच्या आत तयार झाला नाही, म्हणून नाव दुसऱ्या दिवशी घ्यायचं ठरलं. हार्मन दुपारी कागद घेऊन माडीवर आला. डोळे सुजलेले, पण टाय नीट. थोरल्या बाईला, मग ती लग्नाची असो नसो, गावात मानानं मिस म्हणायचे.

"मिस ओझेला, जरा बघा, काय राहिलं असंल तर."

ओझेलानं वाचलं. पत्नी, मिसेस लाव्हिनिया गॅडिस. मुलगा हार्मन. मुलगी आयरीस, अटलांटाची. नातवंडं. गाण्याची जागा मोकळी.

"गाणं?"

"आईला इच्यारून सांगतो. आमच्या बाबांना गाण्याचं काय कळत हुतं?"

"आणि बाकी हे एवढंच?"

हार्मननं तिच्याकडं नीट बघितलं. "एवढंच," तो म्हणाला, आणि जिना उतरला.

व्हर्लीन त्या दिवशीही कामावर होती. सकाळी ओझेला तिला म्हणालीही होती, घरी जा म्हणून. तर व्हर्लीन म्हणाली, "कुणाच्या नावानं सुट्टी मागू? मालक मेल्याची सुट्टी नसती." आता हार्मनची पावलं जिन्यावरून गेल्यावर ती दारात येऊन उभी राहिली. मागं लांबलचक गाणं लावून आली होती.

"मिस ओझेला. माझं हाय का त्यात?"

"न्हाई."

व्हर्लीननं मान हलवली. जणू बाहेर पाऊस आहे का विचारलं होतं. मग म्हणाली, "माझी आई गेली तवा तुम्ही वाचलंत, मागे राहिलेली लेक व्हर्लीन. त्या दिवशी मला वाटलं, बरं झालं, निदान एका माणसाची तरी मी हाय, सगळ्या गावानं ऐकलं. उद्या कुणी इच्यारलं, तुझा बाप कोण? तर मी काय सांगू? काचंच्या पलीकडं बसून मीच रेकॉर्ड लावली म्हणून?"

"व्हर्लीन."

"तुम्ही वाचणार. एक नाव. तुमच्या तोंडातनं आलं की कोण खोडणार हाय?"

"एझ्राच्या पोराचं काय झालं, ठावं हाय न्हवं तुला."

"ठावं हाय. रेकॉर्ड म्याच लावलीवती." ती म्हणाली, "मला कुणी फुलांत लोळवणार न्हाई आता. चाळिशी झाली माझी."

"घरचे देतील तेवढंच वाचायचं. नियम हाय."

"कुणी केला नियम?"

नियम कुणी केला ते दोघींनाही माहीत होतं. तोंड होतं म्हाताऱ्याकडं, माईक होता, एवढा मोठा मनोरा होता. सगळं होतं. एक शब्द निघाला नाही.

गाणं संपत आलं होतं. व्हर्लीन वळली आणि आत गेली.

ओझेलानं त्या दिवशी केक भाजला आणि ऊन उतरताना गॅडिसच्या घरी गेली. घर माणसांनी भरलेलं. नाव अजून व्हायचं होतं, पण गॅडिससाठी गाव बारापर्यंत थांबलं नव्हतं. टेबलावर तळलेली कोंबडी, मक्याची भाकरी, आणि लोकांनी आणलेले केक, एकापेक्षा एक. लाव्हिनियानं तिच्या हातातला केक घेतला, खाली ठेवला, आणि तिला मागच्या पडवीत नेलं. तिथं खिडकीच्या फळीवर रेडिओ होता. व्हर्लीनचंच चाललं होतं, आवाज बारीक.

दोघी खुर्च्यांवर बसल्या. लाव्हिनिया चर्चमधली थोरली बाई. पांढरी टोपी घालून पहिल्या बाकावर बसणारी. तिच्यासमोर ओझेलानं जन्मात कधी वाकडा शब्द काढला नव्हता.

"मागायला आलीस," लाव्हिनिया म्हणाली.

"व्हय."

"नाव."

"व्हय. एकच."

लाव्हिनियानं मांडीवरचा रुमाल सरळ केला. "माझ्याकडं का आलीस गं ओझेला? ज्यानं द्यायचं हुतं त्यो तुमच्या खालीच निजलाय. त्याच्याकडं चाळीस वर्सं हुती. आणि आता सगळी माझ्या तोंडाकडं बघत्यात, की लाव्हिनियाचं मन केवढं मोठं हाय बघू. त्यानं खाल्लं, आणि ताट म्या धुवायचं?"

ओझेलानं रेडिओकडं बघितलं.

"पोरीचा दोष न्हाई, हे सांगायला आली असशील. मला ठावं हाय. माझातरी दोष काय?"

"तुमचाबी न्हाई."

"नाव मी देणार न्हाई. माझी दोन लेकरं हायत, तेवढीच लिवलीत." रेडिओवर गाणं बदललं. दोघींनी ऐकलं. अंगणातल्या पेकनच्या झाडाखाली सावली लांब झाली होती. मग ओझेलानं, बोलायचं म्हणून, विचारलं, "हा रेडिओ तुम्ही रोज लावता? दुपारचा?"

"रोज."

"बंद का न्हाई केला कवा?"

लाव्हिनियानं जरा विचार केला. "पोरगी वाजवती चांगली," ती म्हणाली.

उठताना ओझेलानं विचारलं, गाणं कुठलं घ्यायचं, कागदावर जागा मोकळी आहे. लाव्हिनियाचा चेहरा तेव्हा पहिल्यांदा हलला.

"मला ठावं न्हाई," ती म्हणाली. "माझ्यासंगं त्यो कवा नाचलाच न्हाई. आमच्यात ते बसत नव्हतं. पोरांनीबी कवा बघितलं न्हाई." आणि तेवढ्यात रेडिओतून व्हर्लीनचा आवाज आला, सूर्य गेला, मीबी जाते. लाव्हिनियानं हात लांब करून रेडिओ बंद केला, आणि हात तिथंच ठेवून बसून राहिली.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून खालचं दालन भरलं. चर्चचे कारभारी डीकन, जुनी गिऱ्हाइकं म्हणजे त्यांची उरलेली माणसं, लांबच्या गावांचे मयतघरवाले. पुठ्ठ्याचे पंखे हलत होते. मार्चमध्ये कुणाला उकडत नव्हतं, पण पंख्यांवर गॅडिसचा फोटो छापलेला होता. दालनाच्या कोपऱ्यात रेडिओ लावून ठेवला होता, म्हाताऱ्यानं इतरांसाठी ठेवला असता तसाच.

बाराला थोडा वेळ असताना माडीवरचा फोन वाजला.

"गाणं द्यायचं राह्यलंय," लाव्हिनिया म्हणाली. मागं माणसांचा गलका होता.

"व्हय. काय लिवू?"

"बाराला रेकॉर्ड लावायला कोण बसतंय?"

"व्हर्लीन."

"मग मला काय इच्यारतीस."

ओझेलानं पेन्सिल उचलली. "मिस लाव्हिनिया, मला नीट सांगा. मी जे घरचे देतात तेवढंच वाचते. कुणी दिलं असं वाचू?"

तिकडं दार लागलं आणि गलका कमी झाला. मग ती म्हणाली, "ज्यानं दिलंय त्याचंच नाव वाचत्यात न्हवं तुमच्यात? मग तसंच वाच. पण नातं म्हणून एक शब्दबी लावलास, तर मी हितनं उठून येईन, ओझेला."

"न्हाई लावत."

फोन बंद झाला. ओझेलानं कागदावर मोकळ्या जागी पेन्सिलीनं लिहिलं. पुन्हा वरून गिरवलं. मग पलीकडच्या खोलीत गेली. व्हर्लीन रेकॉर्डींच्या फळीपाशी पाठमोरी उभी होती.

"गाणं काढ."

"कुठलं? हार्मननं काय दिलंय, भजन?"

"हार्मननं न्हाई. तू द्यायचंस. मिस लाव्हिनियाचा फोन आलावता."

व्हर्लीन वळली नाही. फळीवरच्या हातांची फक्त बोटं हलली. मग म्हणाली, "चेष्टा करू नका, मिस ओझेला."

"मी कवा केलीय?"

"नाव?"

"मागे राहिलेल्यांत न्हाई. ते त्यांनी दिलं न्हाई, आणि मी घेणार न्हाई. गाणं देणारी म्हणून."

व्हर्लीन खाली बसली, फळीला टेकून, जमिनीवरच. ओझेलाला वाटलं, आता ही म्हणते की असलं उष्टं मला नको. पण व्हर्लीन भलतंच बोलली.

"ते गाडी धुवायचे," ती म्हणाली. "दर शनिवारी. काळी गाडी, मागच्या अंगणात. बूट काढून, विजार गुडघ्यापर्यंत वर. मी आईच्या शिलाईच्या खिडकीत. त्यांना वाटायचं कुणी बघत न्हाई. हा माडीवरचा रेडिओ ऐकू यायचा, आणि एक गाणं लागलं की त्या साबणाच्या पाण्यात पाय असे..." तिनं बोटांनी जमिनीवर दाखवलं. "गाडीलाच धरून नाचायचे, मिस ओझेला. मयताच्या गाडीला."

"कुठलं गाणं?"

व्हर्लीननं सांगितलं. ओझेलाच्या भुवया वर गेल्या. चपला हातात घेऊन नाचणाऱ्या बाईचं, तिखट तुताऱ्यांचं, चांगलंच वात्रट गाणं होतं ते.

"खाली डीकन बसलेत," ओझेला म्हणाली.

"मला ठावं हाय."

"बरं. काढ."

बारा वाजले. ओझेलानं चष्मा लावला, माईक जवळ ओढला.

"मिस्टर कॉर्निलियस गॅडिस," तिनं सुरुवात केली. घाई केली नाही. राहणार चर्च स्ट्रीट. काम, गावातल्या माणसांना शेवटपर्यंत पोचवणं, आणि हे स्टेशन. मागे राहिलेले: पत्नी मिसेस लाव्हिनिया गॅडिस. मुलगा मिस्टर हार्मन गॅडिस. मुलगी मिसेस आयरीस बून. पाच नातवंडं. इथं ती थांबली, इतर नावांना थांबते तेवढीच. काचेपलीकडं व्हर्लीन सुई हातात धरून बसली होती. तिनं डोळे मिटलेले होते. मागे राहिलेले संपले होते, आणि तिचं नाव आलं नव्हतं. गावानंही ते ऐकलं.

मग चर्च. मग वेळ.

"गाणं दिलंय," ओझेला म्हणाली, "मिस व्हर्लीन मेब्रीनं."

खालच्या दालनातले पंखे थांबले. इतकी वर्षं गाणं कोण देतं, हे त्या दालनात कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. तुताऱ्या सुरू झाल्या. एक डीकन उठायला लागला, तर त्याच्या बायकोनं त्याचा कोट धरून खाली बसवला. कुठंतरी एक म्हातारा हळूच म्हणाला, "बघा की ह्या कॉर्निलियसला." आणि पायांचा आवाज यायला लागला. कुणी उठलं नाही, पण बाकांखाली जमिनीवर टाचा पडत होत्या, ताल धरून.

हार्मन जिना दोन-दोन पायऱ्यांनी चढून आला. "हे कुणी सांगितलं तुम्हाला?"

"तुझ्या आईनं," ओझेला म्हणाली. माईक बंद होता. "जा, इच्यार जा."

तो गेला नाही. काचेपलीकडं बघत राहिला. व्हर्लीनचे डोळे आता उघडे होते, आणि ती त्याच्याकडं बघत नव्हती; तबकडीकडं बघत होती. हार्मन काचेजवळ सरकला. मग विचारलं, "खरंच हे गाणं? बाबांचं?"

"गाडी धुताना," ओझेला म्हणाली.

"गाडी तर मला कवाच धुऊ दिली न्हाई त्यांनी," हार्मन म्हणाला. तो खुर्चीच्या पाठीला धरून उभा राहिला.

गाणं संपलं. सुई शेवटच्या खाचेत गेली आणि तिथंच फिरत राहिली, टक, टक. व्हर्लीननं ती उचलली, पण दुसरं काही लावलं नाही. चौदा-दहावर काहीच नव्हतं. जिन्याखालून ओरडणारं आता कुणी नव्हतं. गावभर पडव्यांत, गोदामात, स्वयंपाकघरांत, आणि एका मागच्या पडवीत, लोक त्या शांततेकडं कान लावून बसले. ओझेलानं ती राहू दिली. नाव घेताना घेते तेवढा वेळ.

मग तिनं कागद बाजूला सारला आणि खालचा उचलला. त्या दिवशी आणखी एक नाव होतं.

"मिस्टर एनिस रिग्ज," ती म्हणाली. "राहणार नदीचा रस्ता. काम, ट्रॅक्टर दुरुस्ती."

काचेपलीकडं व्हर्लीननं हाताच्या पाठीनं तोंड पुसलं आणि फळीवर पुढची रेकॉर्ड शोधायला लागली.